मनात येईल ते मोठ्याने बोला

परीक्षेला बसवायचा विद्यार्थी सकाळी झोपून राहिला, म्हणून चुटकीरावांनी त्याच्या जागी सासूबाईंना बसवायचं ठरवलं. निर्णय एवढासाच. गाळणी सापडली नाही की माणूस रुमालातून चहा गाळतो ना, तसा. (चव कशी लागली ते पिणाऱ्याला विचारावं.)

चुटकीराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. कुठलंही काम समोर आलं की ‘चुटकीसरशी करतो’ म्हणायची त्यांची खोड, म्हणून हे नाव चिकटलं. या वेळचं काम म्हणजे विद्यार्थ्यांना भाड्याच्या खोल्या शोधून देणारी वेबसाइट. तिच्यापायी त्यांनी बरी चाललेली नोकरी सोडली होती. शहरातल्या मोठ्या कॉलेजचं वसतिगृह भरून वाहत होतं. तिथल्या अधिकारी बाईंनी मान डोलावली, की बाहेर राहणारी सगळी पोरं याच साइटवर येणार होती. नाही डोलावली, तर चुटकीरावांना जुन्या साहेबांचं दार पुन्हा ठोठावावं लागणार होतं. आणि नोकरी सोडताना आपण साहेबांना काय काय ऐकवलं, ते चुटकीराव विसरले असले तरी साहेब विसरलेले नव्हते.

बाईंची परीक्षा साधी होती. ज्याने ही साइट कधी पाहिलेली नाही असा माणूस माझ्यासमोर बसवा. खऱ्या साइटवर, खरी खोली शोधू दे त्याला. आणि तुम्ही मधे तोंड उघडायचं नाही.

“आईला बसवताय?” बायकोने विचारलं. शहाण्या बायका एकदाच विचारतात.

“आईंना जमलं तर जगाला जमेल,” चुटकीराव म्हणाले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई लेकीकडे आल्या होत्या आणि फोनवर सराईतासारखी बोटं चालवायच्या. चुटकीरावांच्या छातीत विजयाचा नगारा आताच वाजू लागला होता.

अधिकारी बाई आल्या, वही उघडून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. सासूबाई लॅपटॉपसमोर. चुटकीरावांनी नियम समजावून दिले. आपण विद्यार्थिनी आहोत असं समजायचं, खोली शोधायची, अर्ज करायचा. आणि हे करताना मनात जे येईल ते मोठ्याने बोलायचं, म्हणजे वापरणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला कळतं.

“काही राखून ठेवायचं नाही?” सासूबाईंनी विचारलं.

“काही म्हणजे काही नाही, आई.”

“आणि तुम्ही मधे बोलणार नाही?”

“एक अक्षर नाही.”

सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. जगात जावई पुष्कळ झाले असतील, पण सासूच्या हातात असा परवाना स्वतः लिहून देणारा हा पहिलाच.

पहिल्या पानावर हसऱ्या तरुणांचा फोटो होता. “ही पोरं हसताहेत म्हणजे यांना अजून खोली मिळालेली नाही,” सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. “फोटो जावईबापूंनी निवडलेला दिसतोय. पडदेही त्यांनीच निवडले होते. पाहुणे आले की आम्ही ते बाजूला सारतो.” मग त्या शोधायचं बटण शोधू लागल्या. तिथे भिंगाचं चित्र होतं, शब्द नव्हता. हा झारा कशाला काढलाय, असं विचारून त्यांनी सगळ्या पानावर टिचक्या मारल्या, शेवटी झाऱ्यावरही मारली, तेव्हा कुठे खोल्या दिसल्या.

चुटकीरावांनी तोंड उघडलं. बाईंनी वहीतून मान वर न करता बोट वर केलं. तोंड मिटलं.

“वायफाय आहे का, सायकल ठेवता येते का, सगळं विचारलंय. शेजारच्या पलंगावरचा घोरतो का, हे मात्र विचारलेलं नाही. माझ्या लेकीलाही कोणी आधी सांगितलं नव्हतं.”

स्वयंपाकघरात भांडं पडलं. पाठोपाठ हसू दाबल्याचा आवाज आला.

शेवटी सासूबाईंना एक खोली पसंत पडली. पूर्वेला खिडकी, कॉलेज हाकेच्या अंतरावर, घरमालकीण निवृत्त नर्स. त्यांनी अर्ज उघडला. “विद्यार्थ्याचं नाव. विद्यार्थी कोण? ज्याचं शिकायचं अजून पुष्कळ राहिलंय तो.” आणि त्यांनी जावयाचं नाव घातलं.

चुटकीराव उभेच राहिले. साइट खरी, खोली खरी, नर्सबाई तर चांगल्याच खऱ्या. शेवटचं बटण दाबण्याआधी थांबवू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, पण थांबवायचं म्हणजे बोलायचं. ते खोकले. हातवारे केले. धावपट्टीवर विमानाला खुणा करणाऱ्या माणसासारखे दोन्ही हात हलवले.

“खाली बसा,” अधिकारी बाई म्हणाल्या. “शब्द तुमचाच आहे.”

पुढे चौकट होती, ‘स्वतःबद्दल थोडंसं’. मजकूर वाढला की ती आपोआप मोठी व्हायची. ही सोय चुटकीरावांनी रात्रंदिवस खपून केली होती आणि आज ती अजिबात अडखळली नाही. सासूबाई बोलत होत्या, टाइप करत होत्या, चौकट फुगत होती. ओला टॉवेल पलंगावर टाकतो. दिवा लावतो, मालवत नाही. भांडं एकच घासतो आणि ते घरभर दाखवतो. रस्ता चुकला तरी विचारत नाही. घोरतो. मनाने वाईट नाही.

पाठवलं.

जुन्या साहेबांना काय म्हणायचं, याची चुटकीराव मनात जुळवाजुळव करू लागले, तोच लॅपटॉप किणकिणला. नर्सबाईंचं उत्तर. सासूबाईंनी तेही मोठ्याने वाचलं (नियम तो नियम): माहिती वाचली, इतका खरा अर्ज आजवर आला नव्हता, आणि म्हणूनच या मुलाला खोली देता येणार नाही.

अधिकारी बाई पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, घरमालक रोज त्यांच्या टेबलाशी भांडायला येतात. अर्जात ‘शांत, अभ्यासू’ लिहिणारा मुलगा ढोल घेऊन राहायला येतो. “अर्ज एकीकडे, माणूस दुसरीकडे. इथे दोघांची गाठ पडली. झाऱ्याखाली ‘शोधा’ लिहा, घोरण्याचा प्रश्न घाला. साइट आम्ही घेतो.”

चुटकीरावांचं नाक कापून त्यांच्याच हातात बक्षीस म्हणून दिलं होतं, पण बक्षीस ते बक्षीस. त्यांनी मान ताठ केली.

“अजून खाली लिहिलंय,” सासूबाई म्हणाल्या. नर्सबाईंनी लिहिलं होतं: ज्यांनी हा अर्ज लिहिला त्यांना खोली हवी असेल तर आजच या, मला असंच तोंडावर बोलणारं माणूस सोबतीला हवंय.

चुटकीरावांचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला. नियम मोडून ते मधाळ आवाजात म्हणाले, “आई, पूर्वेची खिडकी आहे हं.”

उत्तराखाली दोन बटणं होती. ‘स्वीकारा’ हिरवं, तळहाताएवढं, मधोमध. ‘नाकारा’ अगदी कोपऱ्यात, मुंगीएवढं. कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून चुटकीरावांनी ते मुद्दाम तिथे लपवलं होतं.

सासूबाईंनी ते एका टिचकीत दाबलं.

“हे बटण छान जमलंय,” अधिकारी बाई वहीत लिहीत म्हणाल्या. “याला हात लावू नका.”