वरच्या खोलीतली ठकठक

काकूंना गुडघा बदलायचा नव्हता. डॉक्टरांनी सांगून झालं, लेकीनं फोनवर रडून झालं, आणि काकांनी तर जेवायला बसलं की रोज भाषण ठोकलं. "घाबरायचं काय त्यात? माझ्याकडे बघ. तुझ्याहून मोठा आहे, पण गुडघे कसे ठणठणीत."

"तुमचे तुम्हाला लखलाभ," काकू म्हणायच्या. "माझ्या पायाला मी कुणाला करवत लावू देणार नाही." जन्मभर पायानं शिवणयंत्र चालवून गुडघा कामातून गेला होता, हट्ट मात्र शाबूत होता.

मग ती ठकठक सुरू झाली. दुपारी काकू आडव्या झाल्या की काका जिना चढून वरच्या खोलीत जायचे, दार लोटून घ्यायचे, आणि थोड्या वेळानं छतातून आवाज यायचा. ठक. मग काहीच नाही. मग पुन्हा ठक.

"वर काय करता हो?"

"काही नाही. जुनं सामान आवरतो."

महिनोन्‌महिने आवरूनही एक रिकामं खोकं खाली आलं नाही. टाकी दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला काकूंनी हळूच वर डोकवायला सांगितलं. तो परतला तो तोंड दाबून हसतच. "काकांनी सांगू नका म्हटलंय," एवढं बोलून, पाना उचलून चालता झाला. काकूंचा संशय बळावला. स्वतः जाऊन बघावं, तर दुसऱ्याच पायरीवर डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

शेवटी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. "गुडघा बदलला की जिना चढता येईल ना?"

"येईल की."

"मग कधी येऊ?"

आता गंमत बघा. ही बातमी ऐकून काकांचा घास हातातच राहिला. "या वयात कशाला उगाच?" ते पुटपुटले. इतके दिवस भाषण देणारा माणूस असा उलटला, तेव्हा काकूंची उरलीसुरली भीतीही पळाली. वर नक्कीच काहीतरी शिजत होतं.

ऑपरेशन झालं. फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येऊ लागली. गुडघा वाकवला की बाकीचे पेशंट तिच्या नावानं बोटं मोडायचे. काकू छताकडे टक लावून म्हणायच्या, "अजून थोडा वाकव गं." काका दाराआड उभे राहून सगळं बारकाईनं बघायचे. पाळत ठेवताहेत, काकूंनी मनात नोंद केली. मग एक दिवस जिन्याच्या पायरीपायरीवर कुंडी येऊन बसली. "झाडांना ऊन नको का?" काका म्हणाले. काकू मुकाट्यानं कुंडीला वळसा घालायला शिकल्या.

"चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा," मुलीनं घोटून घेतलं होतं. एका दुपारी ठकठक सुरू झाली तशा काकू कठडा धरून निघाल्या. चांगला पाय, दुखरा पाय, कुंडी. वर पोचल्या. त्यांनी दार ढकललं.

खोलीत मलमाचा वास कोंडला होता. कोपऱ्यात काकूंचं जुनं शिवणयंत्र धूळ खात पडलं होतं. पायजमा मांडीपर्यंत गुंडाळलेला, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, हातात पडद्याची जुनी दांडी, अशा थाटात काका एका पाटावर चढत होते आणि "आई गं" म्हणत उतरत होते.

"हे काय?"

"तुझेच व्यायाम," काका ओशाळून म्हणाले. "दाराआडून शिकलो. आधी नुसताच दांडी टेकत फिरायचो."

"दुखतंय कधीपासून?"

"तुझ्याइतकंच. तुला धीर यावा म्हणून ठणठणीत म्हणून बसलो, मग खाली विव्हळायची सोयच राहिली नाही."

"म्हणून दुखरे गुडघे घेऊन रोज जिना चढलात?"

काकांनी मान डोलावली. काकूंना हसू आलं आणि रडूही आलं. एवढे दिवस काय काय संशय घेतला आपण या माणसाचा, आणि हा इथे एकटा कण्हत होता.

"चला खाली," त्या म्हणाल्या. "दुखरा पाय आधी."

"दोन्ही दुखरे आहेत गं."

"मग माझा खांदा धरा. आणि आता खुशाल मोठ्यानं विव्हळा."

यथावकाश काकांचंही ऑपरेशन झालं. ते खाली पाय लांब करून पडले होते, मुलगी व्यायाम घेत होती, आणि छतातून आवाज आला. घर्रर्र. मग काहीच नाही. मग पुन्हा घर्रर्र.

"अगं, वर काय करतेस?"

"काही नाही. जुनं सामान आवरते."

काकांनी छताकडे टक लावली. मग मुलीला म्हणाले, "अजून थोडा वाकव गं."