सासऱ्यांच्या जहाजाला पंख

डुलणारी, हलणारी, थरथरणारी कुठलीही वस्तू माझ्या हाती द्या, ती शांत झालीच म्हणून समजा! आमच्या बैठकीतला छताचा पंखा केवढा थरथरायचा! मी एकदाच त्याला हात लावला, तेव्हापासून तो जराही हललेला नाही. फिरतही नाही, पण तक्रार फिरण्याची नव्हतीच मुळी!

म्हणूनच सासऱ्यांचं जहाज डुलतं हे कानावर आलं, तेव्हा मी स्वतःहून पुढे झालो.

जहाज म्हणजे रिमोटवर चालणारं, हातभर लांबीचं. पण बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्यात घातलेली. मजल्यावर मजले, प्रत्येक खिडकीला काच, कठड्याला तारेचे गज. इतके मजले चढवल्यावर ते डुलणार नाही तर काय! बागेतल्या तळ्यात दरवर्षी या जहाजांची शर्यत असते. प्रत्येक जहाजाच्या डेकवर लाल पाण्याने काठोकाठ भरलेला इवलासा पेला चिकटवतात. तळ्याला फेरी मारून आल्यावर ज्याच्या पेल्यात जास्त पाणी, तो जिंकला. बाबांचा पेला दरवर्षी कोरडा ठणठणीत परत यायचा आणि जिंकायचे दातांचे डॉक्टर. बाबांनी त्यापायी दाढ दुखत असूनही त्यांच्याकडे जाणं सोडलं होतं!

"बाबा, स्टॅबिलायझर बसवू," मी म्हणालो. "जहाजाच्या पोटाला, पाण्याखाली, दोन्ही बाजूंना एकेक पंख. आत जायरो. जहाज कललं की त्याला लगेच कळतं, तो मोटरला सांगतो, मोटर पंख वळवते आणि कललेली बाजू पुन्हा वर येते. संपला विषय!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्या हातात साधा स्क्रूड्रायव्हर दिलेला नाही.

"यांना जमेल ना गं?"

"बाबा, तुम्ही आमच्या बैठकीतला पंखा..." बायकोने तोंड उघडलं.

मी जहाज उचललं आणि निघालोच!

पोटाला भोकं पाडली, रबर लावून पाणी अडवलं, जायरो बसवला, आणि पोस्टाच्या तिकिटाएवढे दोन सुबक पंख लावले. बाथटब भरला, जहाज सोडलं, बोटाने हलकेच ढकललं. पंख अगदी इमानेइतबारे वळत होते. जहाज मात्र डुलतच होतं!

"पंख लहान पडले," मी निदान केलं.

डब्याच्या झाकणातून मोठे पंख कापले. थोडा फरक पडला. आणखी मोठे केले. आणखी थोडा फरक!

"अहो, माझा भाजी चिरायचा पाट कुठंय?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"जहाजाला!"

बायको धावत आली. पाटातून कापलेले तळहाताएवढे पंख पाण्यात सपासप हलत होते आणि जहाज दगडासारखं स्थिर उभं होतं. मला तर भरून आलं!

"पण हे जागच्या जागी उभं आहे. पळायला लागल्यावर काय?"

"अगं, उभं असताना डुलत नाही, ते पळताना कशाला डुलेल? पळण्यातून त्याला डुलायला वेळ तरी मिळेल का?"

तिने सरळ माहेरी फोन लावला. "बाबा, तुमच्या जहाजाला पंख फुटलेत. माझ्या पाटाचे!"

मी फोन हिसकावून घेतला. "बाबा, एक थेंब सांडणार नाही. शब्द देतो!"

बाबांनी तो शब्द तडक डॉक्टरांच्या तोंडावर फेकला. बोलता बोलता पैज लागली. जो हरेल त्याने दुसऱ्याचं जहाज घरी नेऊन, घासूनपुसून, चकचकीत करून द्यायचं. बाबांसारख्या माणसाने दातांच्या डॉक्टरांचं जहाज पुसायचं! हे कळल्यावर मी पंख जरासे आणखी घट्ट आवळले, खोटं कशाला बोलू. पण जराच!

शर्यतीच्या दिवशी तळ्याकाठी ही गर्दी! पंच होते शिट्टीकाका. त्यांची शिट्टी वाजली, बाबांनी रिमोट हाती घेतला आणि जहाज हळूहळू निघालं. पेल्यातलं पाणी हूं की चूं करत नव्हतं.

"जावईबापू," बाबा हळूच म्हणाले, "मानलं तुम्हाला!"

लग्नानंतर प्रथमच त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला. माझी छाती फुगली. पण डॉक्टरांचं जहाज पुढे होतं.

"बाबा, आता वेग वाढवा!"

"वेगाची शर्यत नाहीये ही."

"तरी दाखवू त्यांना!"

बाबांनी वेग वाढवला. तेवढ्यात एक बदक बाजूने गेलं आणि जहाज केसभर उजवीकडे कललं. पंखांनी ते सावरलं. सावरलं म्हणजे काय, पार डावीकडे फेकलं! मग तिकडून सावरलं, ते पार उजवीकडे. जायरो सांगतोय, पंख ऐकतायत, जहाज दोन्हीकडून थपडा खातंय! एका खिडकीची काच उडाली, धुराडं उडालं आणि शेवटी अख्खं जहाज पोट वर करून उताणं झालं. बायकोच्या पाटाचे पंख हवेत हलतच होते.

खांद्यावरचा हात कधी निघून गेला ते कळलंच नाही.

"पंख केवढे हे!" डॉक्टर म्हणाले. "अहो, जहाज पळायला लागलं की यांना दसपट जोर येतो. उभ्या जहाजावर माप घेतलंत की काय?"

मी बदकाकडे पाहत राहिलो.

शिट्टीकाकांनी होडीतून जाऊन जहाज सुलटं करून आणलं. पाहतो तर पेला काठोकाठ भरलेला!

"थेंबभरही कमी नाही!" मी ओरडलो. "आम्ही जिंकलो!"

"दिलं होतं लाल पाणी," शिट्टीकाका म्हणाले. "हे हिरवं आहे. यात शेवाळ आहे."

पैजेप्रमाणे बाबा डॉक्टरांचं जहाज काखेत घेऊन मान खाली घालून चालू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोने त्या दिवशी मला पाटाचंही विचारलं नाही, यावरून काय ते समजा!

दोन-तीन दिवसांनी बाबांचा फोन आला. बायकोने तो माझ्याकडे दिला.

"जावईबापू," बाबा म्हणाले. आवाज अगदी मऊ! "डॉक्टरांचं जहाज पुसून झालंय. उद्या परत द्यायचंय. तसंच कोरडं काय द्यायचं, काहीतरी भेट द्यावी म्हणतो. तुमच्याकडून तसलेच दोन पंख होतील का?"

"होतील की! केवढे करू?"

"कंजूषपणा करू नका," बाबा म्हणाले.

पोळपाट कुठे लपवून ठेवलाय ते बायको अजून सांगत नाही. पण ते राहू द्या. सासऱ्यांनी माझी कारागिरी ओळखून स्वतःहून दिलेलं हे पहिलंच काम आहे!