हुंगलेला मोगरा

एका जंगलात, बाळांनो, पहाटे उठणारे फार झाले होते.

पूर्वी पहाटे फक्त कोंबडा उठायचा, आणि तोही नाइलाजाने. मग कोणीतरी सांगितलं की पहाटे चाललं की आयुष्य वाढतं. तेव्हापासून अख्खं जंगल पांढरे बूट घालून चालायला लागलं. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी असायची. चालायला पिशवी कशाला लागते, असं तुम्ही विचाराल. विचारू नका. मोठ्यांना असलं काही विचारायचं नसतं.

या जंगलात रंगनाथराव नावाचे एक ससे राहायचे. स्वभावाने इतके गरीब की घरात मुंगी शिरली तरी तिला 'या, बसा' म्हणायचे. त्यांच्या अंगणात छोटीशी बाग होती. अबोली होती, जास्वंद होती आणि खिडकीसमोर मोगरा होता. मोगऱ्याची फांदी त्यांच्या बायकोने, वत्सलाबाईंनी, माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. तिला त्यांनी तांदळाचं धुवण घालून घालून वाढवलं होतं.

चैत्र लागला आणि मोगरा कळ्यांनी भरला. आता मोगऱ्याची रीत अशी असते की कळी दिवसभर फुगते आणि संध्याकाळी उमलते. पण रंगनाथरावांच्या मोगऱ्यावर संध्याकाळपर्यंत कळी राहतच नसे. ती पहाटेच कोणाच्या तरी पिशवीत गेलेली असे.

फूल उमललेलं त्यांना दिसत नसे असं नाही हं. शेजारच्या कोल्हीणकाकू आपल्या देवांचा फोटो काढून रोज फोनवर पाठवत. देवांच्या गळ्यात मोगऱ्याचा हार असे आणि खाली लिहिलेलं असे, 'सुप्रभात'. रंगनाथराव त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवत. दुसरं काय करणार बिचारे?

त्या वर्षी वत्सलाबाई शेवग्याच्या शेंगा काढताना स्टुलावरून पडल्या. पाय मोडला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, 'पडून राहा.' मग त्यांची खाट खिडकीशी आली. हिरवागार, बिनफुलांचा मोगरा त्या दिवसभर बघत बसायच्या.

एके दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, मला साडी नको, काही नको. आपला मोगरा एकदा आपल्या झाडावर फुललेला बघायचाय. फोनमध्ये बघून बघून जीव विटला माझा."

रंगनाथरावांच्या काळजात चर्र झालं. बायकोने उभ्या आयुष्यात मागून मागून काय मागितलं, तर स्वतःच्याच झाडावरची फुलं!

त्यांनी पाटी लावली, 'कृपया फुले तोडू नयेत.' दुसऱ्या दिवशी अस्वल गुरुजींनी पिशवी त्या पाटीला अडकवली आणि दोन्ही हातांनी कळ्या तोडल्या. अस्वल गुरुजी मुलांना नीतिशास्त्र शिकवत. त्यांना दोन्ही हात मोकळे लागत.

मग रंगनाथराव पहाटे उठून पायरीवर पहाऱ्याला बसले. कोल्हीणकाकू आल्या. त्यांना बघून त्या मुळीच दचकल्या नाहीत.

"बरं झालं बाई, उठलात ते! ती वरची फांदी जरा खाली ओढा बघू."

"काकू, ही फुलं..." रंगनाथराव चाचरले.

"देवालाच जाणारेत हो. मी काय डोक्यात माळणारे?"

आता देवाला नाही कसं म्हणायचं? रंगनाथरावांनी फांदी ओढून धरली. शिवाय पानाआड राहिलेल्या दोन कळ्याही काकूंना दाखवल्या.

फांदी नाकासमोर आली तेव्हा त्यांना राहवलं नाही. त्यांनी मान पुढे केली. तशा काकू केवढ्याने तरी ओरडल्या.

"हां! नाक लांब ठेवा! हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, एवढंही कळत नाही तुम्हाला?"

रंगनाथराव ओशाळले. घरात गेले. चहा ठेवला. आणि चहा उतू गेला तरी ते गॅससमोर उभेच राहिले, कारण त्यांना आयुष्यातली पहिली युक्ती सुचली होती.

त्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांनी दिवा लावला, हातपाय धुतले आणि मोगऱ्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी फुलणारी एकेक कळी त्यांनी हुंगली. सशाचं नाक, बाळांनो, मुळातच स्वस्थ नसतं. त्या संध्याकाळी त्याला पहिल्यांदाच मनासारखं काम मिळालं. एकही कळी त्यांनी सोडली नाही.

पहाटे मंडळी आली. कोल्हीणकाकूंनी चार कळ्या खुडल्यासुद्धा.

"हुंगल्यात," पायरीवरून रंगनाथराव म्हणाले.

"काय?"

"कळ्या. सगळ्या हुंगल्यात मी. काल."

काकूंनी हातातल्या कळ्या विंचू चावावा तशा टाकल्या. अस्वल गुरुजी मटकन खालीच बसले.

"अहो, काय केलंत हे!" गुरुजी म्हणाले. "देवाच्या तोंडचा वास पळवलात!"

"पण गुरुजी, झाड माझं आहे."

"म्हणून चोरी करायची?"

बघा, शिकलेली माणसं मुद्दा कसा नेमका पकडतात ते.

दुपारपर्यंत प्रकरण सिंहमहाराजांच्या दरबारात गेलं. रंगनाथराव हात जोडून उभे राहिले. महाराजांच्या गळ्यात मोगऱ्याचा कालचा हार होता. तो कुठल्या झाडाचा होता हे रंगनाथरावांनी लांबूनच ओळखलं.

"झाड कोणाचं?" महाराजांनी विचारलं.

"माझं, महाराज."

"पाणी कोण घालतं?"

"मीच."

"खत?"

"तेही मीच."

"ठीक. झाड तुझं, पाणी तुझं, खत तुझं. वास मात्र देवाचा. तो तू परस्पर घेतलास." महाराजांनी जांभई दिली. "चैत्र संपेपर्यंत याच्या नाकाला मुसकं बांधा."

बैलाने पिकाला तोंड लावू नये म्हणून जे जाळं बांधतात ना, ते मुसकं. रंगनाथरावांना ते नाकावरून घट्ट बांधलं. वरून दोन फडकी गुंडाळली. कोल्हीणकाकूंनी फोटो काढला.

उन्हं उतरता उतरता रंगनाथराव घरी परतले. मान खाली, कान खाली. बायकोला आता काय सांगायचं, याचीच त्यांना लाज वाटत होती. ते फाटकाशी आले आणि थबकले.

मोगरा फुलला होता.

खालपासून वरपर्यंत नुसता पांढराशुभ्र! हुंगलेल्या कळ्या कोणीच नेल्या नव्हत्या. खिडकीत वत्सलाबाई उठून बसल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या.

"अहो, बघितलंत का?" मग त्यांना मुसकं दिसलं. "हे काय बांधलंय?"

रंगनाथरावांनी फडक्यातून बोबडं बोबडं सगळं सांगितलं. शेवटी फांद्यांकडे बोट दाखवलं. फुललेल्या फुलांखाली उद्याच्या नव्या कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या. त्या कोणी हुंगल्या नव्हत्या. पहाटे त्या जाणारच होत्या.

वत्सलाबाईंनी अंगावरचं पांघरूण बाजूला सारलं.

"मला बाहेर न्या," त्या म्हणाल्या.

"अगं, पाय!"

"पाय मोडलाय. नाक धड आहे. आणि शिक्षा तुम्हाला झालीय, मला नाही."

रंगनाथरावांनी त्यांना पाठुंगळी घेतलं आणि अंगणात आणलं. धापा टाकत ते झाडाभोवती हळूहळू फिरले. वत्सलाबाईंनी उद्याची एकेक कळी जवळ ओढून मनसोक्त हुंगली. मग त्यांनी उमललेल्या फुलांत तोंड खुपसलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

"कसा येतोय गं वास?" खालून रंगनाथरावांनी विचारलं.

"चोरीच्या मालासारखा," त्या म्हणाल्या. "फार गोड."

तात्पर्य : दुसऱ्याच्या बागेतली फुलं पहाटे उठून खुशाल तोडावीत, आयुष्य वाढतं आणि वर पुण्यही लागतं. स्वतःच्या बागेतलं फूल मात्र कधी हुंगू नये, तो गुन्हा आहे. फारच मोह झाला तर तो दोघांनी मिळून करावा. एकाचं नाक बांधलं तर दुसऱ्याचं कामाला येतं.