एकशे चौदा चेक

हार्लन ट्वेटनं सरकारी पाकीट फोडलं, वाचलं आणि टेबलावर असं आपटलं की आर्डिसच्या कपातली कॉफी बशीत आली.

"साडेसत्तर!" तो ओरडला. "सत्तर नाही, एकाहत्तर नाही, साडेसत्तर! अर्धे वाढदिवस पोरंटोरं मोजतात, आर्डिस. सरकार कधीपासून मोजायला लागलं?"

"अरे, पण म्हणतंय काय सरकार?"

"पैसे काढा म्हणतंय. माझेच पैसे, माझ्याच खात्यातून, आणि तेही मला नको असताना!"

हार्लननं एकेचाळीस वर्षं ट्रॅक्टरच्या दुकानात, सुट्या भागांच्या काउंटरमागे उभं राहून निवृत्तीच्या खात्यात चार लाख डॉलर साठवले होते. साठवताना सरकारनं त्यावर कर घेतला नव्हता, ही मेहरबानी मात्र तो सोयीस्कर विसरला होता. आता साडेसत्तरी उलटली की दर वर्षी ठरलेली रक्कम काढायची, तिच्यावर कर भरायचा, आणि नाही काढली तर वर दंड. हार्लनला पैसे घालायची सवय होती, काढायची नव्हती. त्याच्या हातून डॉलर सुटणं म्हणजे दाढ उपटण्यातलाच प्रकार.

त्याच टपालात दुसरं पाकीट होतं. गावाबाहेरच्या 'सपर क्लब' हॉटेलात निवृत्तांसाठी भाषण, जेवण मोफत. असली जेवणं हार्लन कधी चुकवत नसे. श्रवणयंत्रवाल्यांचं चिकन, थडग्याच्या जागा विकणाऱ्यांचा मासा, सगळं पोटभर खाऊन तो एक छदामही न देता परत आलेला होता. फुकट ते पौष्टिक, हे त्याचं तत्त्व. पण या वेळी स्टेक होता, आणि स्टेकनं घात केला. माणूस मांस चावत असला की त्याला मध्येच उठून जाता येत नाही, ऐकावं लागतं.

भाषण करणारा कर्टिस गावातलाच. आर्डिस तीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवत होती, आणि कर्टिस तिच्याच हाताखालून गेलेला. त्यानं सांगितलं, "खात्यातले एक लाख उचलून या ॲन्युइटीत, म्हणजे पेन्शनच्या योजनेत, टाका. ऐंशीव्या वर्षापासून दर महिन्याला चेक चालू, मरेपर्यंत. आणि तोवर ते लाख सरकारच्या हिशेबात धरतच नाहीत. तेवढी सक्ती कमी, तेवढा कर कमी."

कर कमी म्हटल्यावर हार्लननं काटा खाली ठेवला.

चार दिवसांनी कर्टिस फॉर्म घेऊन घरी आला. हार्लनचा चष्मा तळ्यावर, बर्फात मासे धरायच्या झोपडीत राहिला होता, म्हणून कर्टिस वाचून दाखवत होता.

"इथे दोन पर्याय आहेत, मिस्टर ट्वेट. पहिला म्हणजे ऐंशीच्या आधी तुम्हाला काही झालं तर पैसे कंपनीचे. पण जगलात तर महिना एक हजार चाळीस. दुसऱ्यात मागे राहणाऱ्याला पैसे परत मिळतात, पण मग चेक जरा कमी—"

"कमी कशाला? मी काय मरतोय? पहिला लाव." हार्लननं चोरून आर्डिसकडे पाहिलं. ती कॉफी ओतत होती. तिनं ऐकलंच नसावं.

तेवढ्यात बाहेर बर्फ सारणारी गाडी घरघरत गेली आणि जाताना कर्टिसच्या मोटारीमागे गुडघाभर ढीग लावून गेली. असला ढीग दारात दिसला की हार्लनला घास गिळवत नसे. "बसा तुम्ही," म्हणत तो टोपी चढवून बर्फ उडवायचं यंत्र घेऊन बाहेर पडला. वीस मिनिटांनी नाक पुसत आत आला, आणि पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या तिथे तिथे त्यानं सह्या ठोकल्या.

पुढच्या सोमवारी त्यानं कॅफेत ही मर्दुमकी लव्हर्नला सांगितली. लव्हर्न त्याचा शाळेपासूनचा दोस्त, तोंडाचा फटकळ.

"म्हणजे ऐंशीच्या आधी खपलास, तर आर्डिसला किती?" लव्हर्ननं विचारलं.

"काही नाही."

"शून्य?"

"शून्य."

"वा रे पठ्ठ्या! म्हणजे तू लवकर मरावास म्हणून एक अख्खी कंपनी देव पाण्यात घालून बसलीय, आणि त्याचे पैसे तूच भरलेस!" लव्हर्न टेबल बडवून हसला. "तुझ्या बापाचं काय झालं होतं रे? अडुसष्टाव्या वर्षी ना?"

हार्लननं कॉफीचा कप दूर सारला. बाप अडुसष्टाव्या वर्षी गेला होता, थोरला भाऊ चौऱ्याहत्तराव्या. ट्वेटांच्या घरात ऐंशी कुणी पाहिलेच नव्हते. बायकोचे लाख डॉलर आपण स्टेकच्या तुकड्यावर उधळले, हे त्याला पहिल्यांदाच उमगलं, आणि तो घाबरला. आर्डिसला सांगायची त्याची छाती झाली नाही. मग एकच मार्ग उरला, न मरण्याचा.

दुसऱ्या दिवशी त्यानं सिगार सोडला. डुकराची चॉप सोडली, लोणी सोडलं, शिडीवर चढणं सोडलं. सकाळी ओटमील मागितलं, तेव्हा आर्डिसनं भुवईसुद्धा उचलली नाही.

"मीठ घालू?"

"नको. रक्तदाब."

"बरं," म्हणाली ती. चाळीस वर्षं हेच सांगून तिचा घसा बसला होता, पण आता तिनं कारणसुद्धा विचारलं नाही.

एकदा सुरू झालं की हे प्रकरण थांबत नाही. बर्फावरून पाय घसरतो, म्हणून मासेमारी बंद. मासेमारी बंद, म्हणून झोपडी पन्नास डॉलरला मेहुण्याला विकली. हा मेहुणा ड्वेन, आर्डिसचा धाकटा भाऊ, म्हणजे चालता बोलता शाप. नेलेली वस्तू परत करणं त्याच्या धर्मात नव्हतं. हार्लनची करवत अकरा वर्षं त्याच्याकडे होती. झोपडीचे पन्नास डॉलर आले नाहीत हे सांगायला नकोच. पूर्वी हार्लननं त्यावरून आकाशपाताळ एक केलं असतं, पण आता राग वर्ज्य होता. राग हृदयाला वाईट.

त्र्याहत्तराव्या वर्षी लव्हर्न गेला. कॅफेतच, ॲपल पायचा तुकडा तोंडात असताना. चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच वाटले गेले आणि हार्लन गाजर चघळत कोपऱ्यात बसून राहिला. त्याला जिवलग दोस्तासाठी रडायचं होतं, पण रडून छातीवर ताण येईल का, हे डॉक्टरला विचारायचं राहून गेलं होतं. पुढे पुढे तर त्यानं मयतांना जाणंच बंद केलं. तिथे खोकणारे फार येतात. ज्यांच्याबरोबर जगायचं ते एकेक करून संपत होते आणि हा गडी जगण्याच्या कामाला लागला होता.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आर्डिसच्या पोटात दुखायला लागलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली, तेव्हाच हार्लनला कळलं. पाच आठवडे, ते म्हणाले, आणि त्यांचा अंदाज फारसा चुकला नाही.

चौथ्या आठवड्यात त्याला राहवेना. तिचा हात धरून त्यानं सगळं ओकून टाकलं. "आर्डिस, मी गाढवपणा केलाय. मी आधी मेलो असतो तर तुला त्या लाखातला एक छदाम मिळाला नसता. मी तुला सांगितलंच नाही. सात वर्षं मी नुसता घाबरून जगतोय."

आर्डिस हसायला लागली. इतकी हसली की खोकला आला आणि नर्स धावत आली.

"मी इथे रडतोय, आणि तुला हसू येतंय?"

"चेक येऊ दे पहिला," ती डोळे पुसत म्हणाली. "मग बघू. आणि ओटमील सोडू नकोस."

नवव्या दिवशी ती गेली. या मयताला मात्र हार्लन गेला. कॉफीच्या टेबलापाशी ड्वेननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फार वाईट झालं, भावोजी. आता एकटा जीव. ते बर्फाचं यंत्र तुला कशाला लागणार म्हणा."

हार्लननं किल्ली देऊन टाकली. भांडून कुणासाठी तब्येत बिघडवायची आणि न भांडता कुणासाठी राखायची, हेच त्याला कळेना.

आता मरायला काहीच हरकत नव्हती. पण सात वर्षांची सवय. सकाळ झाली की हात आपोआप ओटमीलच्या डब्याकडे जात. अशी आणखी दोन वर्षं गेली, आणि हार्लन ट्वेट ऐंशीचा झाला. घराण्यातला पहिला. अभिनंदन करायला मात्र कुणीच उरलं नव्हतं.

महिन्याभरानं चेक आला. हार्लननं चष्मा लावून पाहिलं, पुसून परत लावून पाहिलं. आठशे अठ्ठ्याहत्तर डॉलर.

नऊ वर्षांचा दाबून ठेवलेला राग एकदम उसळला. तो तडक कर्टिसच्या ऑफिसात घुसला. "एक हजार चाळीस म्हणाला होतास! एकशे बासष्ट कुठे गेले? चोर आहात लेको सगळे!"

कर्टिसला आता टक्कल पडलं होतं. तो लाल झाला, उठला आणि कपाटातून फाइल काढून समोर ठेवली. "दुसरा पर्याय आहे, मिस्टर ट्वेट. तुम्हाला काही झालं असतं तर सगळे लाख परत मिळाले असते. बाईंना."

"मी पहिला सांगितला होता!"

"हो. पण मग तुम्ही बर्फ काढायला गेलात."

हार्लननं वाकून पाहिलं. दुसऱ्या चौकोनात बरोबरची खूण होती, शेवटी वर वळलेली बारीक शेपटी. तिसरीच्या हजारो वह्यांवर आणि घरातल्या प्रत्येक सामानाच्या यादीवर त्यानं ती पाहिली होती.

"खाली सही तुमचीच आहे," कर्टिस हळूच म्हणाला. "मी चार वेळा म्हटलं, बाई, आता त्यांना सांगतो. तर म्हणाल्या, खबरदार! चाळीस वर्षांत पहिल्यांदा शिडीवरून उतरलाय तो. त्याचा गैरसमज राहू दे, त्यावरच जगतोय. आता बाईंनी नको म्हटल्यावर... मी तिसरीत होतो हो त्यांच्याकडे."

हार्लन खुर्चीत बसला. म्हणजे तो कधीही मेला असता तरी चाललं असतं. सिगार, चॉप, तळं, लव्हर्नसाठी राहून गेलेलं रडणं, सगळं उगाच. आणि ते सगळं तिला माहीत होतं, रोज सकाळी ओटमील वाढताना. त्याला तिचा भयंकर राग आला, आणि ती समोर नाही याचं त्याहून भयंकर वाईट वाटलं.

"आता मी मेलो तर?" त्यानं विचारलं.

"लाखातून तोवर मिळालेले चेक वजा करून बाकीचे वारसाला. बाई नाहीत, म्हणजे दुसरं नाव..." कर्टिस अडखळला. "ते पण बाईंनीच लिहिलंय. ड्वेन."

"ड्वेन?"

"नाव बदलता येतं. साधा फॉर्म आहे." त्यानं तो पुढे सरकवला.

हार्लननं पेन उचललं. कुणाचं नाव लिहायचं, हा विचार करत तो ड्वेनच्या नावाकडे बघत राहिला. आर्डिसचं ते गोल, स्वच्छ अक्षर. ती नवऱ्याला पुरती ओळखून होती. त्यानं पेन खाली ठेवलं.

"लाख फिटून वारसाला शून्य उरायला किती चेक लागतात?"

कर्टिसनं हिशेबाच्या यंत्रावर बोटं चालवली. "एकशे चौदा. म्हणजे तुम्ही होणार साडेएकोणनव्वद."

"साडे?"

"साडे."

"राहू दे नाव," हार्लन म्हणाला. "तिनं लिहिलंय." सहीच्या जुन्या फॉर्मची नक्कल तेवढी त्यानं मागून घेतली.

घरी पोचला तर अंगणात ड्वेनची गाडी. "भावोजी, शिडी हवी होती. पन्हळ साफ करायची आहे. तू काही आता चढत नाहीस."

"ने."

"परत कधी आणू?"

हा प्रश्न ड्वेननं उभ्या जन्मात पहिल्यांदाच विचारला होता. "आणू नकोस," हार्लन म्हणाला.

ड्वेन चक्रावला. त्यानं हार्लनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तब्येत बरी आहे ना रे तुझी?"

"अजून नऊ वर्षं पाच महिने मला काही होत नाही," हार्लन म्हणाला आणि दार लावून आत गेला. त्यानं ती नक्कल फ्रिजवर चिकटवली, शेपटीची खूण नीट दिसेल अशी. थोडा वेळ तिच्यासमोर उभा राहून तो मनसोक्त रडला. छातीवर ताण वगैरे काही आला नाही. मग त्यानं नाक पुसलं आणि ओटमीलसाठी पाणी चढवलं, बिनमिठाचं.