कुकर आज, शिट्टी उद्या

अंतोनकाका उसना नेलेला प्रेशर कुकर परत करायचे तेव्हा कुकर आज यायचा आणि शिट्टी उद्या. पहिल्यांदा मला वाटलं, विसरले असतील. तर म्हणाले, "विसरलो नाय गं. बोल्ट नेहमी वेगळाच पाठवायचा."

काका मूळचे वसईचे, बायको फिलोमिना गेल्यापासून एकटेच राहायचे. पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी डीलरचं लायसन्स काढून बंदुकांचं छोटं दुकान टाकलं. रायफल परगावी पाठवताना तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, काढून निराळ्या पार्सलने पाठवायचा, म्हणजे वाटेत चोरीला गेली तरी ती चालणार नाही, ही त्यांची शिस्त. ती अंगात इतकी भिनली की नाताळात घरची वाइन देतानाही विचारायचे, "कपाट आहे ना? कुलूप लागतं? चावी कोणाकडे?"

आम्ही त्यांचे शेजारी. माझा नवरा निखिल खाणीत इंजिनिअर आणि रविवारी क्लबात नेमबाजी करणारा. त्याला ब्रिस्बेनला नोकरी लागली तेव्हा त्याने आपली रायफल तिकडच्याच एका माणसाला विकायची ठरवली. एका संध्याकाळी चहा पिताना काकांना सहज म्हणाला, "गाडीने जातोच आहोत. डिकीत टाकतो आणि त्याच्या हातात देतो. त्याच्याकडेही लायसन्स आहे."

काकांनी कप खाली ठेवला. "हातात? मेट, ही काय वसईच्या बाजारातली सुकट आहे?"

मग आमची शिकवणी झाली. क्वीन्सलँड दुसरं राज्य. घेणाऱ्याने आधी तिथलं परमिट काढायचं. इथला डीलर, म्हणजे काका, तिथल्या डीलरला रायफल पाठवणार, तो परमिट बघणार, मगच ती गिऱ्हाइकाला मिळणार. "तू मध्ये कुठेच नाय," काका म्हणाले.

"काका, कोणाला कळणार आहे?" निखिल वैतागला.

"तुझा सिटिझनशिपचा अर्ज आत पडलाय. बंदुकीची केस झाली तर तो कोण वाचवणार? मी?"

आमचा सगळा संसार त्या अर्जावर टांगलेला होता. निखिल दोन दिवस फुगून बसला, तिकडचा माणूसही घाई करत होता, पण काका कोणाला बधले नाहीत. परमिट झालं तेव्हाच रायफल निघाली, बोल्ट अर्थातच वेगळा. त्या दिवसापासून काका जेवताना फोन ताटाशेजारी ठेवू लागले. समोरच्या टोकाने 'पोचली' म्हटल्याशिवाय त्यांचा व्यवहार संपत नसे.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी कुकर मागून नेला, वाटेत खायला बटाट्याची भाजी करून आणली आणि कुकर स्वतः डिकीत ठेवला. मी रडले. ते म्हणाले, "नो वरीज. स्पीड सांभाळा."

ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सच्या नव्या घरात आल्यावर सामान, बँक, मुलीची शाळा या धबडग्यात आठवडा गेला. मग एका दुपारी डाळ लावायला घेतली तर कुकरला शिट्टी नाही. भुकेल्या पोटी मी तणतणत फोन लावला.

"काका, शिट्टी तुमच्याकडेच राहिली!"

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी फोन उचलला होता.

"म्हणजे पोचलात," काका म्हणाले. मग हळूच म्हणाले, "राहिली नाय गं, ठेवली. फिलोमिना कुठे गेली की पोचल्याचा फोन करायची. ती वारल्यापासून मला तसा फोन कोणी करत नाय. म्हटलं, शिट्टीसाठी तरी कराल."

ज्या माणसाने आमचा अर्ज वाचवला, त्याला 'पोचलो' एवढा एक शब्द कळवायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

आम्हाला सिटिझनशिप मिळाली, आणि ती कोणामुळे मिळाली हे निखिल आता येईल त्या पाहुण्याला सांगतो. शिट्टी पार्सलने आली, तेव्हा ती पोचल्याचा फोन मी लगेच केला. आता निखिल ऑफिसातून पोचला, भाजी बाजारातून पोचली, मुलगी शाळेतून पोचली, असं काही ना काही निमित्त काढून मी रोज संध्याकाळी काकांना फोन करते.