बंदरावर आलेली त्सुनामी

काशीराम भाटकरला पक्की खात्री होती. आज बंदरावरचा एकही माणूस त्याचा फळा वाचल्याशिवाय पुढे जाणार नव्हता!

काशीराम मच्छीमार सोसायटीत कारकून. रोज सकाळी दारातल्या फळ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा लिहायचा आणि खाली, स्वतःच्या हौसेने, दिनविशेष. कुणाची जयंती, कुठली लढाई, चंद्रावर कोण उतरलं. लोक भरती वाचायचे आणि चंद्राकडे पाठ फिरवून निघून जायचे. पण आज सव्वीस डिसेंबर होता. दर्यावरच्या माणसांना दर्याचीच आठवण! काशीरामने लाल खडू ओला केला आणि फळाभर लिहिलं, ‘आज त्सुनामी!’ मग ध्यानात आलं, सन राहिलाच. कोपऱ्यात मुंगीएवढं ‘२००४’ बसवलं आणि तो ऐटीत चहाला गेला.

अर्धा चहा झाला नाही तोच बाहेर गलका उठला.

‘काय झाला गो?’

‘त्सुनामी येताय! सोसायटीने लिवलाय!’

कप तसाच टाकून काशीराम धावला. बर्फाच्या गाडीवाल्या सागरने फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला होता आणि त्या फोटोत ‘२००४’ मावलंच नव्हतं! मासळीचा लिलाव बोली अर्धी सोडून मोडला होता. अख्खं बंदर भगवतीच्या देवळाच्या चढणीला लागलं होतं. सोनूबाईच्या डोक्यावर सुरमईची पाटी तशीच. एकाने घाईघाईत घरातून काय उचललं, तर टीव्हीचा रिमोट!

‘अरे थांबा! जुनी आहे ती! जुनी!’

‘जुनी आसो नायतर नवी, बुडवल ती बुडवलच!’ गंगुबाई ओरडली आणि पदर खोचून चढू लागली. तिचे दोन्ही मुलगे पहाटेच बोटीवर गेले होते. पळता पळता ती फोन लावत होती. लागत नव्हता.

वर देवळापाशी सगळे धापा टाकत समुद्राकडे बघत राहिले. समुद्र तव्यासारखा सपाट. तेवढ्यात गंगुबाईचा फोन लागला. ‘आये, बांगडा गावलाय, कशाला वरडतेस?’ पोरगा म्हणाला, आणि ती मटकन खाली बसली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. काशीरामने सगळं सांगून टाकलं आणि मार खायच्या तयारीने मान खाली घातली. पण गंगुबाई ओरडली नाही.

‘तवाच्या त्या लोकांना कुनी सांगितला नव्हता?’ तिने विचारलं.

‘नाही. सकाळची वेळ होती. पाणी मागे हटलं म्हणून काही जण बघायला खाली गेले.’

‘त्यात आमच्यासारके व्हते?’

‘खूप. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरचे कोळीच बरेचसे.’

गंगुबाईने समुद्राकडे बघून हात जोडले. मग एकेकाने जोडले. रिमोटवाल्याने रिमोट खिशात घातला आणि हात जोडले. खाली बंदर रिकामं होतं, आणि प्रत्येकाला तिथे आपलं माणूस दिसत होतं.

बऱ्याच वेळाने सोनूबाईने पाटी खाली ठेवली आणि काशीरामकडे रोखून बघितलं.

‘पन मेल्या, तुला ठाव व्हता ना सगला? मग चढनीवर मला ढकलून फुडे कशाला धावलास?’

काशीरामने कान खाजवला.

‘निघालो होतो तुम्हाला थांबवायलाच गो. पण एवढी माणसं जीव घेऊन पळताना बघितली आणि वाटलं... खरंच आली असेल!’