शुक्रवारचं बोलणं, शनिवारचं जेवण

नंदकिशोर कर्णिकने दारू सोडल्याला एक्केचाळीस दिवस झाले होते आणि फायदे इतके झाले होते की त्यातले काही त्याला नकोसे वाटायला लागले होते. रात्री शांत झोप लागत होती, पण सकाळी सहाला टक्क जाग येत होती आणि मुलुंडमध्ये सकाळी सहाला करायचं काय हे त्याला माहीत नव्हतं. पँटचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. डोकं दुखत नव्हतं. आणि बायकोने, कुंदाने, रविवारी सांगितलेलं बुधवारपर्यंत लक्षात राहत होतं, त्यामुळे 'अगं, विसरलो' हे वीस वर्षं उपयोगी पडलेलं उत्तर बंद झालं होतं.

तोटा एकच होता, पण तो त्याला फार लागत होता. गेली वीस वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी क्लेमेंटच्या गावठाणातल्या घराच्या ओटीवर बैठक भरायची. क्लेमेंट एका रंगाच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला, मनाने मऊ आणि आवाजाने मोठा. त्याच्याबरोबर शिवदास, नंदकिशोर आणि लवू. त्यातल्या लवूने चार वर्षांपूर्वी दारू सोडली. चार शुक्रवार तो लिंबू सरबत पीत बसला. पाचव्या शुक्रवारी त्याला कुणी फोन केला नाही. आता लवू भाजीबाजारात भेटला तर हसतो आणि ओटीवरच्या त्याच्या खुर्चीवर चखण्याची ताटली असते. आपला लवू होणार, या भीतीने नंदकिशोर सहा आठवडे कासावीस होता. डॉक्टरांना तो घाबरला नव्हता एवढा त्या ताटलीला घाबरत होता.

त्या शुक्रवारी शिवदासने विषय काढलाच. नंदकिशोर कोकम सरबत घेऊन समोर बसला की परीक्षेत मास्तर डोक्याशी उभा असल्यासारखं वाटतं, असं तो म्हणाला. क्लेमेंटने त्याला गप्प केलं खरं, पण "तसं बघितलं तर तू इथं येऊन करतोस काय रे नंदू?" असं त्यानेही विचारलं. नंदकिशोरने कोकम सरबत ढवळलं. आपण या लोकांच्या काहीतरी उपयोगी पडलं पाहिजे, एवढं मात्र त्याने मनाशी ठरवलं.

ती संधी तासाभरातच आली. तिसऱ्या ग्लासाला क्लेमेंटच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नंदू, उद्या रसेलकडे जायचं," तो म्हणाला. "सख्खा धाकटा भाऊ आहे माझा. नाहूरला राहतो, इथून रिक्षाने दहा मिनिटं. सहा वर्षं झाली, तोंड नाही बघितलं एकमेकांचं. तू सकाळी फोन कर त्याला. सांग, क्लेमेंट जेवायला येतोय. नंबर लिहून घे."

आणि सहा वर्षांत एकदाही न लावलेला तो नंबर त्याने एका दमात, न अडखळता सांगितला. नंदकिशोरने तो लिहून घेतला. त्याने नंबर दोनदा वाचून दाखवला. शिवदासने डोळे पुसले आणि आपणही येणार असं जाहीर केलं.

आता, शुक्रवारी ओटीवर बोललेलं शनिवारी धरायचं नसतं, हा तिथला नियम होता. तो कुणी कुणाला सांगितला नव्हता. सांगायची गरजच नव्हती, कारण शनिवारी ते कुणाला आठवत नसे. नंदकिशोरलाही हा नियम माहीत नव्हता. वीस वर्षं त्याने तो बिनचूक पाळला होता, एवढंच.

शनिवारी सातला त्याने फोन हातात घेतला. आधी क्लेमेंटभाऊंना एकदा विचारा, असं कुंदाने सुचवलं, पण डोळ्यांत पाणी आणून बोलणाऱ्या माणसाला 'खरंच ना?' विचारणं नंदकिशोरला अपमानाचं वाटलं. त्याने थेट रसेलला फोन लावला आणि निरोप सांगितला.

"तुम्ही कोण?"

"मी नंदकिशोर. क्लेमेंटचा मित्र."

यानंतर पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग रसेलने विचारलं, तुम्हीपण येणार का. हो, मीच घेऊन येतोय त्याला, असं नंदकिशोर म्हणाला. "या," असं म्हणून रसेलने फोन ठेवला. माणूस भारावला आहे, असं नंदकिशोरने कुंदाला सांगितलं.

त्यानंतर गोष्टी भराभर हलल्या. साडेसातला रसेलचा पुन्हा फोन आला, क्लेमेंटला पोर्क चालतं ना अजून, हे विचारायला. आठला त्याच्या बायकोने, लिओनाने, मटण मार्केटमधून फोन करून किती माणसं ते विचारलं. सव्वाआठला कळलं की रसेलच्या मुलाने कामावर दांडी मारली आहे आणि भांडुपहून दोन्ही भावांची म्हातारी मावशी रिक्षात बसली आहे. आनंदाची बातमी म्हणून नंदकिशोरने शिवदासला फोन केला. शिवदासने सगळं ऐकून घेतलं आणि मोबाइल बंद करून ठेवला, तो सोमवारी सुरू केला.

नऊला नंदकिशोर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून क्लेमेंटच्या दारात हजर झाला. क्लेमेंट ओटीवर डोक्याला ओला टॉवेल बांधून बसला होता. कुठे जायचं आहे हे कळल्यावर त्याने टॉवेल काढला.

"मी बोललो असं?"

"बोललास. रडलास पण."

"अरे, मी रडतो तेव्हा ऐकायचं नसतं रे," क्लेमेंट कळवळून म्हणाला. "आता लाव फोन आणि सांग, पोट बिघडलंय."

फोन लावायची वेळच आली नाही. आतून त्याची बायको मार्सेलिना बाहेर आली. तिच्या हातात नवऱ्याचा पांढरा शर्ट होता, नुकताच इस्त्री केलेला. लिओनाने तिलाही फोन केला होता आणि दोघी जावा वीस मिनिटं रडत बोलल्या होत्या.

"सहा वर्षांनी जाऊबाईचा आवाज ऐकला मी," ती म्हणाली. "तू येत नसशील तर नको येऊ. मी एकटी जाते. परत कधी येईन ते मात्र विचारू नको."

क्लेमेंटने मुकाट्याने शर्ट घातला.

रिक्षात त्याने नंदकिशोरला भांडणाचं कारण सांगितलं. वडिलांनी रसेलच्या जन्माच्या वर्षी अंगणात फणस लावला होता. त्याची एक फांदी पत्र्यावर येत होती म्हणून क्लेमेंटने ती तोडली. बस, त्या महिन्यापासून रसेलने फोन उचलणं बंद केलं. एवढ्याशा फांदीवरून सख्खा भाऊ तुटतो का, असं क्लेमेंट सहा वर्षं स्वतःशी म्हणत होता आणि त्याच रागावर तग धरून होता. नाहूर स्टेशनच्या पुलाशी आल्यावर तो नंदकिशोरच्या कानाशी वाकला.

"हे बघ नंदू, मी आपणहून आलो नाही, तू आणलंस. आज तिथं तमाशा झाला ना, तर पुढच्या शुक्रवारपासून यायचं नाही. खरं सांगतोय. आत्ता मी प्यायलेलो नाही."

नंदकिशोरच्या डोळ्यांसमोर ती ताटली आली.

रसेलचं घर पाचव्या मजल्यावर होतं. टेबलाभोवती अकरा माणसं बसली होती आणि कुणीच बोलत नव्हतं. मावशीने क्लेमेंटचा हात धरून त्याला शेजारी बसवून घेतलं. रसेल अगदी क्लेमेंटसारखा दिसायचा, फक्त आवाज हळू होता. त्याने पाणी विचारलं. क्लेमेंटने घोटभर पिऊन घसा खाकरला.

"रसेल, त्या फणसाचं माझं चुकलं. मी विचारायला पायजे होतं तुला."

"कुठल्या फणसाचं?"

"आपल्या. मी फांदी तोडली ना."

"तू पप्पांचा फणस तोडलास?" रसेलने विचारलं. त्याला हे आत्ता कळत होतं. मार्सेलिनाने कपाळाला हात लावला.

"मग तू कशावरून बोलत नाहीस माझ्याशी?" क्लेमेंट आता खरोखर गोंधळला होता.

रसेलने सांगितलं. त्याच महिन्यात त्याच्या नातीचा बाप्तिस्मा होता. हॉलमध्ये दीडशे माणसं. टोस्टचा, म्हणजे शुभेच्छांच्या भाषणाचा मान घरातल्या मोठ्या भावाचा. त्यासाठी क्लेमेंटला त्याने आठ दिवस आधी सांगून ठेवलं होतं. आणि क्लेमेंटने माइक हातात घेतला, मी काय बोलणार, माझा मित्र लई भारी बोलतो, असं म्हणाला आणि माइक मित्राला दिला. मित्र वीस मिनिटं बोलला. बाळाबद्दल एक चांगला शब्द नाही. सगळं लिओनाने केलेल्या विंदालूबद्दल, पोर्कच्या आंबट-तिखट रश्श्याबद्दल.

"पोरीला सर्दी झाली तर डॉक्टरकडे नेऊ नका, या रश्श्याचे दोन थेंब नाकात सोडा, असं बोलले ते. माझ्या बायकोने तीन दिवस खपून केलं होतं, दीडशे माणसांचं. आणि तू काय केलंस? तू टाळ्या वाजवल्यास."

"कोण मित्र?" क्लेमेंटने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याची मान नंदकिशोरकडे वळली. मग टेबलावरच्या सगळ्याच माना वळल्या.

नंदकिशोरला त्या समारंभातलं काहीही आठवत नव्हतं. हॉल आठवत नव्हता, माइक आठवत नव्हता. मार्सेलिना तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला बहरीनला होती. कुंदा आली नव्हती. त्या वर्षापर्यंत तिने नवऱ्याबरोबर समारंभांना जाणं सोडूनच दिलं होतं. म्हणजे सांगणारंही कुणी नव्हतं. गेले एक्केचाळीस दिवस त्याला सगळ्यांचं सगळं आठवत होतं, आणि स्वतःचा हा पराक्रम मात्र तो परक्याच्या घरात, अकरा माणसांसमोर पहिल्यांदा ऐकत होता. त्याला मनापासून लाज वाटली. पळून जावं असं वाटलं, पण तो उठून उभा राहिला तो दाराकडे तोंड करून नव्हे.

"वहिनी," तो लिओनाला म्हणाला, "मला यातलं काही आठवत नाही. पण मी बोललो असणार. तेव्हा मी तसाच होतो. आता सोडलीय. माझं चुकलं. याची शिक्षा क्लेमेंटला नको."

लिओना उठली. ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला आणि ती एक मोठं पातेलं घेऊन बाहेर आली.

"तेच आहे," ती म्हणाली. "तसंच केलंय, काही बदललं नाही." आणि तिने नंदकिशोरच्या ताटात तीन डाव विंदालू वाढलं.

सगळे बघत होते. नंदकिशोरने घास घेतला. दारू सोडल्यावर जिभेला चव परत येते, असं डॉक्टर म्हणाले होते, ते किती खरं आहे हे त्याला त्या क्षणी कळलं. आधी व्हिनेगर नाकात गेलं. मग लवंग आली आणि ती जाईना. कानामागे काहीतरी गरम झालं. सहा वर्षांपूर्वी आपण केलेलं निदान शंभर टक्के बरोबर होतं, याबद्दल त्याला तिळमात्र शंका उरली नाही. प्यायलेला असता तर ते त्याच्या तोंडून निघून गेलं असतं. पण तो पूर्ण शुद्धीवर होता, तोंड त्याच्या ताब्यात होतं, आणि समोर त्या वेळी तीन दिवस खपलेली एक बाई डाव घेऊन उभी होती.

"सुंदर झालंय, वहिनी," तो शांतपणे म्हणाला. "अजून एक डाव वाढा."

लिओनाचा चेहरा असा खुलला की मावशीने छातीवर क्रूसाची खूण केली. मग पातेलं क्लेमेंटकडे गेलं. क्लेमेंटने मोठा घास घेतला, नंदकिशोरकडे बघितलं आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते बघून रसेल खुर्ची सरकवून उठला आणि त्याने भावाला मिठी मारली. "मला पण आठवण यायची रे," रसेल म्हणाला. यावर क्लेमेंट खरोखरच रडायला लागला, आणि आधीचं पाणी कशाचं होतं हा प्रश्न कुणाला पडला नाही. नंदकिशोरने एवढा मोठा श्वास सोडला की लिओनाने त्याला आणखी वाढलं.

मार्सेलिना जावेकडे राहिली. संध्याकाळी दोघे मित्र रिक्षाने परत निघाले. क्लेमेंटच्या मांडीवर विंदालूचा डबा होता आणि तो दोन्ही हातांनी धरून तो रस्ताभर बाहेर बघत होता. आपलं शुक्रवारचं काय, हे विचारायचा नंदकिशोरला धीर होत नव्हता. गावठाणाच्या तोंडाशी रिक्षा थांबली. क्लेमेंट उतरला, दोन पावलं गेला आणि परत आला.

"त्या दिवशी तू खरं बोलला होतास रे."

"हो."

"आणि आज खोटं."

"हो."

क्लेमेंटने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"शुक्रवारी आठला ये," तो म्हणाला. "आणि एक लक्षात ठेव, परत प्यायला सुरुवात करू नकोस. ख्रिसमसला लिओनाने परत जेवायला बोलावलंय, आणि तिथं मला एकट्याला नाही जमणार."